उरलेले दोन मार्क कुठे गेले?

नमस्कार मंडळी!

मी इथे अमेरिकेत हायस्कूलमध्ये समुपदेशक आहे. मे महिन्यात एपीच्या (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच शिकायच्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या) परीक्षा जवळ आल्या की माझ्याकडे येणाऱ्यांत हुशार मुलंच जास्त असतात. निबंध तीनदा लिहून झालेला, मुदत उलटलेली, तरी दिलेला नसतो. 'अजून नीट झाला नाही,' म्हणतात. घरी याला आळस म्हणतात. मला त्यात दिसते ती चुकण्याची धास्ती.

ही धास्ती आणि तिच्यामागचा 'परफेक्शनिझम', म्हणजे सगळं अचूकच हवं हा हट्ट, बऱ्यापैकी मोजता येतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्लेनी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सुधारून मांडलेल्या 'ऑलमोस्ट परफेक्ट स्केल' या प्रश्नावलीमध्ये २३ विधानं आहेत. प्रत्येकापुढे १ ते ७ मधला आकडा लिहायचा. ७ विधानं स्वतःकडून असलेल्या अपेक्षांची, ४ टापटिपीची, आणि तब्बल १२ एकाच गोष्टीची: जे ठरवलं आणि जे हातून झालं, त्यातली दरी किती वाटते?

मला ही विभागणी फार मोलाची वाटते. अपेक्षांच्या भागात दोन मुलांचे आकडे अगदी सारखे येऊ शकतात. एकाला 'बी' मिळाला तर तो तासभर चिडतो आणि संध्याकाळी खेळायला जातो. दुसऱ्याला 'ए' मिळूनही आपण कमीच पडलो असं वाटत राहतं. नैराश्याशी नातं दिसतं ते मुख्यतः या दरीचं.

त्याआधी, १९९० मध्ये, मानसशास्त्रज्ञ रँडी फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी याच विषयावर ३५ विधानांची प्रश्नावली केली होती. खरं तर तिच्यासाठीच आज मी उभी आहे. तिच्या सहा भागांपैकी दोन आईवडिलांबद्दल आहेत: त्यांच्या अपेक्षा आणि त्यांची टीका. म्हणजे तिथे मूल आपल्यालाही मार्क देतं! ९८ मिळाले की 'उरलेले दोन कुठे गेले?' हे माझे बाबा कौतुकानेच विचारायचे. मीही माझ्या लेकीला तसंच विचारलं. तिच्या कानाला ती टीकाच लागली, हे तिने मला पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं.

आणि एक सांगते. अशा मुलांना प्रश्नावलीसुद्धा परीक्षाच वाटते. 'यात बरोबर उत्तर कोणतं?' असं मला मुलांनी विचारलंय. म्हणून नुसत्या आकड्यांवर मी कधीच थांबत नाही, मुलाशी बोलते. आकडा म्हणजे निदान नव्हे. अशी प्रश्नावली मुलाला द्यावी का, याची शाळेत समुपदेशकाकडे चौकशी करा. मात्र मूल ती भरत असताना शेजारी बसू नका, आणि नंतर 'किती आले?' असं विचारू नका.