फी माफ झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी

नमस्कार श्रोतेहो. आज मला बोलायचंय ते आफ्रिकेतल्या शाळांबद्दल. विशेषतः मलावी, युगांडा आणि केनिया या तीन देशांबद्दल. प्राथमिक शाळेची फी रद्द करण्याचा निर्णय तिथल्या सरकारांनी घेतला, आणि बघता बघता लाखो मुलं शाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

सुरुवात मलावीने केली, 1994 साली. तीस वर्षांची एकपक्षीय राजवट संपून नवं सरकार आलं होतं. फी गेली आणि सुमारे 19 लाखांचा पट एका वर्षात 30 लाखांच्या घरात पोहोचला. युगांडाने 1997 मध्ये तेच केलं. तिथे आधी घरटी चारच मुलांना माफी होती. पुढे ती अटही गेली. तरी पहिल्याच वर्षी आकडा 30 लाखांवरून 50 लाखांच्या पुढे गेला. केनियात जानेवारी 2003 मध्ये शाळा उघडल्या, तेव्हा 59 लाखांचे 72 लाख झाले.

या नव्या विद्यार्थ्यांत एक आजोबा होते. किमानी मारुगे. 2004 साली केनियातल्या एल्डोरेट शहरातल्या शाळेत त्यांनी पहिलीत नाव घातलं, तेव्हा ते 84 वर्षांचे होते. गणवेश हवा म्हणून अर्धी चड्डी आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे घालून ते नातवंडांच्या वयाच्या पोरांमध्ये बसत. बायबल स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं, ही त्यांची इच्छा. दुसऱ्या वर्षी ते न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत जाऊन मोफत शिक्षणाची बाजू मांडून आले. शिकायची इच्छा लोकांच्या मनात आधीपासूनच होती, घोडं अडलं होतं ते पैशापाशी, हे यापेक्षा स्पष्ट कसं दिसणार?

कागदावर ही फी किरकोळ दिसायची. पण घरात पाच मुलं असली, वर गणवेश आणि वह्या आल्या, की आईबापांना निवड करावीच लागते. आणि अशा वेळी घरी राहते ती बहुतेकदा मुलगी.

आता दुसरी बाजू. मलावीत घाईघाईने सुमारे 20 हजार शिक्षक भरले गेले. त्यातल्या बहुतेकांना जेमतेम काही आठवड्यांची तोंडओळख करून देऊन वर्गावर पाठवलं. पहिलीच्या वर्गात शंभराहून जास्त मुलं, खोल्या कमी पडल्या म्हणून झाडाखाली भरणारे वर्ग. ‘आधी इमारती बांधायच्या, शिक्षक तयार करायचे, मग दार उघडायचं,’ असं तेव्हाही म्हटलं गेलं, आजही म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. सहा वर्षांची मुलगी तयारी पूर्ण होईपर्यंत सहा वर्षांचीच राहत नाही. दार उघडलं ते योग्यच झालं. प्रश्न दुसऱ्या दिवसापासूनच्या कामाचा आहे, आणि त्या कामाला निवडणुकीतल्या घोषणेसारख्या टाळ्या मिळत नाहीत.

त्यातलं पहिलं काम पैशाचं. युगांडातली हकीकत जरा सविस्तर सांगतो. सरकार दर विद्यार्थ्यामागे शाळेला अनुदान द्यायचं. पगार वगळून इतर खर्चासाठी. 1991 ते 1995 या काळात ते किती पोहोचलं, हे तपासायला काही जण थेट शाळांच्या वह्या उघडून बसले. सरासरी निघाली 13 टक्के. शंभरातले सत्त्याऐंशी वाटेतच गेले, आणि कित्येक शाळांच्या पदरी तर काहीच पडलं नाही. झारीतले शुक्राचार्य बसले होते जिल्ह्याच्या पातळीवर. शाळेला आपला हक्क किती, हेच ठाऊक नव्हतं; मग मागणार काय?

त्यावरचा उपाय साधा होता. कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली, हे सरकारने वर्तमानपत्रांत छापायला आणि रेडिओवरून सांगायला सुरुवात केली. शाळेत किती आले, तो आकडा शाळेतच सगळ्यांना दिसेल असा लावायचा, असा नियम केला. आता आईबाप बातमीतला आकडा आणि शाळेतला आकडा ताडून पाहू शकत होते. 2001 पर्यंत पोहोचणारी रक्कम 80 टक्क्यांच्या पुढे गेली. नुसत्या छापण्यानेच हे झालं असं नाही, त्या काळात सरकारी देखरेखही वाढली होती. तरीही रेडिओवर बोलताना मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

दुसरं काम जास्त अवघड. मूल वर्गात बसलं, पण वाचायला शिकलं का? केनिया, युगांडा आणि टांझानियात ‘उवेझो’ उपक्रमाचे स्वयंसेवक घरोघर जाऊन मुलांपुढे एक कागद ठेवत आले आहेत. त्यावर अक्षरं, शब्द, एक परिच्छेद, आणि शेवटी दुसरीच्या पातळीची छोटीशी गोष्ट. तिसरीतली कितीतरी मुलं त्या गोष्टीपर्यंत पोहोचतच नाहीत. पहिलीत ज्याचा हात सुटला, त्याच्यासाठी पुढची पुस्तकं चालूच राहतात आणि तो मात्र तिथेच थांबलेला असतो. म्हणून मला वाटतं, नवा शिक्षक, चांगला शिक्षक, जास्तीची खोली, जे काही हाती येईल ते आधी पहिली-दुसरीला द्यावं. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी उलट घडतं. अनुभवी शिक्षक परीक्षेच्या वरच्या वर्गांना जातात आणि सगळ्यांत मोठी गर्दी नवख्याच्या वाट्याला येते.

मागे पडलेल्या मुलांसाठी झांबियाने एक वाट धरली आहे. तिची मुळं मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या कामात आहेत. तिसरी ते पाचवीच्या मुलांचे, इयत्ता बाजूला ठेवून, वाचता काय येतं त्यावरून गट करायचे. ज्याला अक्षरं येत नाहीत तो अक्षरांच्या गटात, मग तो पाचवीत का असेना. रोज ठरावीक वेळ, जमिनीवर बसून, गोष्टी आणि अक्षरपत्त्यांचे खेळ. याला नवी इमारत लागत नाही. लागते ती शिक्षकाला अभ्यासक्रम संपवण्याच्या धावपळीतून रोज तेवढ्या वेळेपुरती मोकळीक, आणि ती देण्याचा अधिकार शिक्षण खात्याच्याच हातात आहे.