भाला तर बाप्या, मणी तर बाई

[दृश्य : प्रयोगशाळेतलं टेबल. नळीच्या उघड्या झाकणात पाण्यासारखा थेंब. त्यावर टेकवलेला दात.]

झाकणातला हा थेंब साठ मायक्रोलिटरचा. पाणी नाही, पाच टक्के तीव्रतेचं हायड्रोक्लोरिक आम्ल आहे. दाताचा माथा खाली करून त्याला नुसता टेकवायचा आणि दोन मिनिटं तसाच धरायचा. दोन मिनिटांनी दात उचलला की डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही. वरचा अगदी पातळ थर गेला, एवढंच. पण त्या थरात जे होतं ते आता थेंबात उतरलंय, आणि हा दात बाईचा की पुरुषाचा हे त्यावरून ठरणार आहे.

दोनशे वर्षं हे असं ठरत नव्हतं.

[दृश्य : वेल्सचा किनारा. ओहोटी. खडकांवरून गुहेकडे जाणारी माणसं.]

साउथ वेल्समधलं गॉवर द्वीपकल्प. पॅव्हिलँडच्या या गुहेत पायी जायचं तर ओहोटीचे थोडेच तास मिळतात. जानेवारी 1823 मध्ये ऑक्सफर्डचे भूवैज्ञानिक विल्यम बकलंड इथे आले. त्यांना अर्धामुर्धा सांगाडा मिळाला. हाडं कावेनं लाल झालेली. मांडीजवळ लहान शिंपल्यांची दोन मुठींएवढी रास, छातीपाशी हस्तिदंताच्या कांड्यांचे तुकडे. वरच्या टेकडीवर जुना तळ होता, तो रोमन काळातला असं मानलं जाई. बकलंडनी दोन्ही गोष्टी जोडल्या : दागिने आहेत, रंग आहे, शेजारी सैनिकांची वस्ती आहे, म्हणजे ही त्या तळाच्या आधारानं राहणारी बाई. नाव पडलं ‘रेड लेडी’, लाल बाई.

तो तरुण पुरुष होता. आणि रोमनांच्याही तीसेक हजार वर्षं आधीचा. आजच्या कालमापनानुसार सुमारे 33 ते 34 हजार वर्षांपूर्वीचा. कवटी सापडलेलीच नाही, त्यामुळे दातही नाहीत. पण उरलेली हाडं वाचायला कुणी दातांची वाट पाहायची गरज नव्हती. शिंपले आधी वाचले गेले, हाडं नंतर. नाव मात्र अजून ‘लाल बाई’च आहे.

[दृश्य : दोन कंबरेची हाडं शेजारी शेजारी. हाडाच्या खाचेत अंगठा.]

हाडं वाचायची कशी? सुरुवात कंबरेपासून. श्रोणीच्या मागच्या बाजूला ही जी मोठी खाच दिसतेय, तिच्यात अंगठा ठेवायचा. अंगठा डावीकडे-उजवीकडे सहज हलला तर खाच रुंद, बहुधा बाई. अंगठा अडकला तर अरुंद, बहुधा पुरुष. नोंद मात्र ‘रुंद’ किंवा ‘अरुंद’ अशी करत नाहीत. एक ते पाच अशी श्रेणी देतात, कारण खरी हाडं बरीचशी मधलीच असतात. मग पुढचं जघनास्थी : दोन्ही बाजू जिथे जुळतात त्याखालचा कोन, आणि त्या हाडाच्या पुढच्या अंगावरची बारीक कड. पूर्ण श्रोणी हातात असेल तर अनुभवी माणसाचा अंदाज शंभरात पंचाण्णव वेळा तरी बरोबर येतो.

अडचण अशी की जघनास्थी पातळ असतं. आम्लधर्मी मातीत ते सगळ्यात आधी विरघळतं, आणि उरलंच तर फावड्यानं तुटतं. मग कवटी बघतात : भुवयांवरचा उंचवटा, कानामागचं हाड, मानेच्या मुळाशी असलेली स्नायूंची कड, हनुवटी. ठळक असेल तर पुरुष, नाजूक असेल तर बाई. पण वय वाढतं तशा बायकांच्या कवट्याही ठळक होतात, आणि म्हातारी बाई यादीत पुरुष म्हणून जाते. केनेथ वाइस यांनी 1972 मध्ये प्रौढ सांगाड्यांच्या प्रसिद्ध नोंदी तपासल्या, तेव्हा पुरुषांच्या बाजूला सुमारे बारा टक्क्यांचा कल निघाला. शंका आली की पारडं कुठे झुकतं, ते त्यात दिसतं.

आणि कवटीनंही भागलं नाही, तर कबरीत ठेवलेल्या वस्तू. भाला तर बाप्या, मणी तर बाई. इथवरही एक वेळ चाललं असतं. पण पुढे त्याच कबरी ‘पुरुषांसोबत भाले पुरत’ याचा पुरावा म्हणून मोजल्या गेल्या. म्हणजे जे आधी गृहीत धरलं, तेच शेवटी निष्कर्ष म्हणून हाती आलं.

[दृश्य : पुन्हा प्रयोगशाळा. दात धुणं, दोन झाकणं, सूक्ष्म पिपेट.]

आता या दाताकडे परत. इनॅमल हे शरीरातलं सगळ्यात कठीण द्रव्य, शंभरात शहाण्णव भाग खनिज. उरलेल्या इवल्याशा भागात, दात घडताना वापरल्या गेलेल्या प्रथिनांचे तुकडे अडकून राहतात. त्यांतलं एक अ‍ॅमेलोजेनिन. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावरही आहे आणि वाय गुणसूत्रावरही, आणि दोन्हींची बांधणी किंचित वेगळी. वायवरच्या प्रथिनात एका ठिकाणी मेथिओनिन हे जादा अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतली एक कडी, येतं. सगळी पद्धत त्या एका कडीवर उभी आहे.

आधी दात तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तीस सेकंद, मग अतिशुद्ध पाण्यानं धुवायचा. पहिल्या आम्लाच्या थेंबात दोन मिनिटं. हा थेंब फेकून द्यायचा, कारण त्यात माती, हाताळणाऱ्यांच्या कातडीचं केराटिन, आणि जुन्या संग्रहातला दात असेल तर त्यावर फासलेलं डिंकासारखं लेपण असतं. दुसऱ्या ताज्या थेंबात पुन्हा दोन मिनिटं, हा ठेवायचा. पिपेटच्या टोकात बसवलेल्या गाळणीत पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांचे ते तुकडे, धरून ठेवायची, मीठ धुऊन टाकायचं आणि मग नमुना मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रात.

[दृश्य : पडद्यावर आलेखाची दोन शिखरं.]

डावीकडचं उंच शिखर एक्सचं. ते प्रत्येकात येतं. उजवीकडे हे बुटकं दिसतंय ते वायचं. म्हणजे हा दात पुरुषाचा.

चूक होते ती नेमकी उलट प्रसंगी. पुरुषाच्या दातातही वायवरून आलेलं प्रथिन जेमतेम दहा टक्के असतं. नमुना कमकुवत असला की एक्सचं शिखर दिसतं, वायचं यंत्राच्या पकडीखाली राहतं, आणि पुरुष बाई म्हणून नोंदला जातो. म्हणून वाय दिसलं नाही एवढ्यावर ‘बाई’ लिहायचं नाही. एक्सचा संकेत पुरेसा जोरदार असेल तरच लिहायचं. नसेल तर ‘अनिश्चित’. दोन नमुन्यांच्या मध्ये यंत्रातून कोरं द्रावण सोडावं लागतं, नाहीतर आधीच्या पुरुषाचं उष्टं पुढच्या आलेखात उमटतं. क्वचित एखाद्या पुरुषात वायवरचं हे जनुकच गळालेलं असतं. तिथे ही पद्धत फसते, मग डीएनए तपासावा लागतो, तोही टिकला असेल तर.

[दृश्य : पेरूचं पठार. मांडीच्या हाडाजवळ दगडी अवजारांचा ढीग.]

विलामाया पात्शा, दक्षिण पेरू, समुद्रसपाटीपासून 3,900 मीटरच्या वर. 2018 मध्ये उघडलेली ही कबर सुमारे 9,000 वर्षांपूर्वीची. चोवीस दगडी वस्तू, बहुतेक एकाच जागी, जणू पिशवी कुजून गेली आणि आतलं सामान तसंच राहिलं. जवळून पाहा : ही भाल्याची अणी, ही कातडं खरवडायची तासणी, ही धारदार कपची, हे कावेचे खडे. शिकार मारण्यापासून कातडं कमावण्यापर्यंतचा सगळा संच. खड्ड्याभोवतीची पहिली अटकळ होती, मोठा शिकारी, टोळीचा म्होरक्या. हाडं सडपातळ दिसली म्हणून दात तपासले. सतरा ते एकोणीस वर्षांची मुलगी.

रँडल हास आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये मग अमेरिका खंडातल्या जुन्या दफनांच्या नोंदी चाळल्या. मोठ्या शिकारीच्या हत्यारांसह पुरलेल्या ज्या सत्तावीस जणांचं लिंग ठरवता आलं, त्यांत अकरा स्त्रिया. त्यांतल्या काही नोंदी जुन्या आणि कच्च्या आहेत, हा आक्षेप रास्त आहे. तोच आक्षेप सोळा पुरुषांनाही लागू पडतो, एवढं लक्षात ठेवावं.

[दृश्य : 1878 च्या उत्खननाचं रेखाचित्र. सांगाडा, तलवार, दोन घोडे.]

स्वीडनमधली बिर्का, कबर क्रमांक 581. काळ दहावं शतक. तिकडे व्हायकिंग युग प्रागितिहासातच धरतात. तलवार, कुऱ्हाड, भाला, बाण, दोन ढाली, दोन घोडे, सोंगट्या. 1878 पासून हा योद्धा पुरुष. 1970 च्या दशकात हाडं पाहून शंका घेतली गेली, ती तशीच पडून राहिली. 2017 मध्ये डीएनए आला : बाई. आणि लगेच प्रश्न सुरू झाले. हाडं अदलाबदल तर झाली नसतील? दुसरा कुणी पुरुष शेजारी नसेल? शस्त्रं खरंच तिचीच? चांगले प्रश्न आहेत, विचारायलाच हवेत. 1878 मध्येही तेवढेच चांगले होते.

[दृश्य : विलेनडॉर्फच्या मूर्तीची प्रतिकृती सावकाश फिरते. डोक्यापाशी थांबते.]

ऑस्ट्रियात 1908 मध्ये सापडलेली ही चुनखडीची मूर्ती अकरा सेंटिमीटरची. नाव ‘व्हीनस’. छाती आणि पोटाबद्दल शंभर वर्षं लिहिलं गेलं. डोक्यावरच्या गोल ओळींना ‘कुरळे केस’ म्हणून सोडून दिलं. ओल्गा सॉफर आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये त्या ओळी विणकरीच्या नजरेनं पाहिल्या. माथ्यावर मधोमध गाठीसारखी सुरुवात. तिथून गोल गोल वेढे. प्रत्येक वेढ्यावर उभे टाके. मुळापासून विणत नेलेली टोपी आहे ती, आणि कोरणाऱ्याला विणकाम माहीत होतं. छातीइतकीच मेहनत डोक्यावर घेतलेली आहे.

[दृश्य : चार भोकांची हस्तिदंती पट्टी. मग चार-पाच जण दोर वळताना.]

दोर आणि विणकाम कुजतं, दगड उरतो. म्हणून संग्रहालयं दगडानं भरलेली असतात आणि अश्मयुग शिकारीनं. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेतली ही पट्टी वीस सेंटिमीटरची, वय सुमारे 40 हजार वर्षं. भोकांच्या आत मळसूत्रासारखे आटे आहेत. एका भोकाच्या अशाच शिंगाच्या दांड्यांना 19व्या शतकात फ्रेंच संशोधक ‘हुकमाचा दंड’ म्हणत. या पट्टीनं काय होतं ते बघा. पाणकणसाचे तंतू पीळ देत चारही भोकांतून ओवायचे. मागून एक जण ओढतोय, पट्टी सावकाश सरकतेय, आणि चार पदर एकमेकांत बसतायत. दहा मिनिटांत पाच मीटर. हे काम बायकांचं होतं असं आम्ही म्हणत नाही. वस्तू ते सांगत नाही. चार-पाच जण लागतात, एवढं सांगते.

[दृश्य : गुहेच्या भिंतीवर हातांचे ठसे.]

हे हात फ्रान्स आणि स्पेनमधल्या गुहांतले. डीन स्नो यांनी 2013 मध्ये बोटांच्या लांबीवरून बत्तीस ठसे मोजले आणि चोवीस बायकांचे ठरवले. आकडा आवडणारा आहे. पण तेच सूत्र आजच्या माणसांच्या हातांवर साठेक टक्केच बरोबर येतं, म्हणून तो इथे नुसता सांगून पुढे जातो.

[दृश्य : प्रयोगशाळा. नवी नळी. इवलासा दात.]

लहान मुलांच्या हाडांवरून लिंग ठरत नाही. वयात येईपर्यंत श्रोणीत भरवशाचा फरक दिसत नाही. त्यामुळे मुलांच्या कबरीत हा रकाना एक तर कोरा राहिला, नाहीतर मणी-खेळण्यांवरून भरला गेला. दुधाच्या दाताचं इनॅमल मात्र आईच्या पोटातच घडू लागतं. त्याला वय लागत नाही.

हा दुधाचा दात आहे. पेरॉक्साइडमध्ये तीस सेकंद, पहिला थेंब टाकून दिला, दुसरा झाकणात तयार. कबरीत सापडलेल्या वस्तूंची यादी शेजारच्या खोलीत, बंद पाकिटात. निकाल लिहून सही होईपर्यंत ती इकडे येत नाही.