तळं कूस बदलतं तेव्हा

(पहाट. नुकताच बर्फ सुटलेलं तळं. काठावरच्या अतिथीगृहाच्या बंद खिडक्या.)

थंड प्रदेशातल्या तळ्याकाठी पाहुणे येतात ते उन्हाळ्यात. तळ्याचं वर्ष मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं, खोल्यांना अजून कुलपं असताना.

बर्फ वितळतो, वरचं पाणी हळूहळू ४ अंश सेल्सिअसला येतं. पाणी सगळ्यांत जड असतं ते याच तापमानाला. आता वरपासून तळापर्यंत सगळं पाणी सारख्याच वजनाचं झालेलं असतं, त्यामुळे चांगला वारा सुटला की अख्खं तळं ढवळून निघतं. तळाशी साचलेली पोषणद्रव्यं वर येतात, वरचा प्राणवायू खाली पोचतो. तळं कूस बदलतं.

काठावरून हे दिसत नाही, पण पुढे पाण्याचा रंग बदलतो. पाणी तपकिरी, हिरवट होतं. कुणाला वाटेल, घाण झालं. तो सूक्ष्म शैवालांचा बहर असतो. मग डॅफ्निया नावाचे ठिपक्याएवढे जीव त्या शैवालावर तुटून पडतात आणि पाणी पुन्हा निवळतं. इटलीचे शास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी १८६५ साली पांढरी तबकडी समुद्रात सोडून ती किती खोलवर दिसते ते मोजलं होतं. तळ्याचा नितळपणा आजही त्याच पद्धतीने मोजतात. दोरी आणि तबकडी एवढंच लागतं. लहान मुलालाही जमेल.

(पाणकणसांची दाटी. एका देठावर चतुराची अळी.)

पाण्यात महिनोन् महिने, कधी काही वर्षं काढलेली ही अळी आता देठ धरून वर चढते. थांबते. पाठ मधोमध उकलते आणि मऊ, फिकट चतुर मागे वाकत बाहेर येतो. चुरगळलेल्या पंखांत रक्तद्रव भरत जातो तसे ते ताणले जातात, मग वाळतात. मागे उरलेल्या कातीतून पांढरे धागे लोंबत असतात. त्या अळीच्या श्वासनलिकांची ती अस्तरं. इतक्या जवळून पाहायचं तर सकाळी लवकर उठावं लागतं, आणि ते उठणं सार्थकी लागतं.

याच दाटीत टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याचं तरंगतं घरटं आहे. ती उठून जाताना ओल्या पानांनी अंडी झाकून जाते. म्हणून खोलीतून पाणी नीट दिसावं यासाठी पाणकणसं कापा, असा आग्रह कुणी धरला की जीव तुटतो. ती कापली तर खिडकीतून पाणी दिसेल, पण त्या पाण्यावर बघायला फार काही उरणार नाही. काठावरचे दिवेही रात्री मालवलेले बरे. पाण्यातून निघालेले कीटक उजेडाकडे ओढले जातात आणि तिथेच घिरट्या घालून संपतात.

भर उन्हाळ्यात पोहताना पाय खाली सोडले की एकदम गार लागतं. वर कोमट, हलकं पाणी. खाली थंड, जड. दोन्ही थर सहसा मिसळत नाहीत आणि खालचा प्राणवायू हळूहळू संपत जातो. शरदात वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि तळं दुसऱ्यांदा कूस बदलतं. पाहुणे तोवर परतलेले असतात. खरं तर याच दिवसांत यावं. स्थलांतर करणारी बदकं उतरलेली असतात आणि काठ मोकळा असतो.

(गोठलेलं तळं. बर्फाला तडा जाण्याचा आवाज.)

४ अंशांच्या खाली गेलेलं पाणी हलकं होतं आणि वरच राहतं, म्हणून तळं वरून गोठतं. बर्फाच्या दुलईखाली मासे मंदावतात, पण जगतात. थंडीत बर्फ आकसतो, तडकतो आणि लांबवर घुमतो.

जपानमधल्या सुवा तळ्याच्या गोठण्याची नोंद तिथल्या मंदिराचे पुजारी १४४३ सालापासून ठेवत आले आहेत. अलीकडच्या दशकांत ते तळं पूर्ण न गोठण्याचीच वर्षं वाढली आहेत. हवामान कसं बदललं हे सांगणारा इतका जुना लेखी पुरावा फार थोड्या ठिकाणी आहे, आणि तो काठावर राहणाऱ्यांनी जपला आहे. काठावरच्या प्रत्येक अतिथीगृहात पाहुण्यांची नोंदवही असते. तिच्यात आणखी दोन तारखा दरवर्षी लिहिता येतील: तळं गोठलं ती, आणि बर्फ सुटला ती.