सांबऱ्याची धावपट्टी आणि पुढची तीस वर्षं

(दृश्य : बागलकोट रोड. ट्रॅक्टर, वडापच्या गाड्या, मागे विमानतळाचं कुंपण.)

बेळगावहून बागलकोट रोडला लागलं की दहाएक किलोमीटरवर सांबरा येतं. गाव आधीचं, विमानतळ नंतरचा. १९४२ साली, दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सनं इथलं सपाट रान निवडलं आणि धावपट्टी आखली. पुढे डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या कारवाईत भारतीय हवाई दलाची हंटर विमानं इथूनच उडाली. आजही शेजारी हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि देशभरातली पोरं तिथे पहिली कवायत शिकतात.

नागरी विमानतळाची खरी वाढ अलीकडची. राज्य सरकारनं ३७० एकर जमीन दिली, १८३० मीटरची धावपट्टी २३०० मीटर झाली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये ३६०० चौरस मीटरच्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. १० मार्च २०२४ ला पुढच्या, त्याहून मोठ्या टर्मिनलची पायाभरणी झाली. त्याच कार्यक्रमात कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचं लोकार्पणही झालं.

टर्मिनल डोळ्यांत भरतं. काच असते, पोलाद असतं, फोटो छान येतो. पण विमानतळाचं भवितव्य टर्मिनलवर ठरत नाही. ते ठरतं दोन गोष्टींवर. एक, भोवतालची जमीन. दुसरी, वरचं आभाळ.

(दृश्य : धावपट्टीचा नकाशा.)

आधी जमिनीचं बघू. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही कमी पडतो. आंतरराष्ट्रीय नियोजनाचा ठोकताळा असा, की दर ३०० मीटर उंचीमागे धावपट्टी सात टक्क्यांनी लांब हवी. हिशेब केला तर सांबऱ्याची २३०० मीटरची पट्टी समुद्रकाठच्या साधारण १९५० मीटरच्या पट्टीइतकंच काम देते. त्यात एप्रिल-मेचं ऊन. तापलेली हवा आणखी विरळ होते. अशा दुपारी लांबच्या शहराला भरलेलं विमान न्यायचं तर कंपनीला एक तर प्रवासी कमी घ्यावे लागतात, नाही तर माल. म्हणून पट्टी वाढवण्याची मागणी पुन्हा पुन्हा होते, आणि ती रास्त आहे.

मात्र धावपट्टी म्हणजे नुसता डांबराचा पट्टा नव्हे. उपकरणांच्या आधारे विमानं उतरणाऱ्या मोठ्या धावपट्टीच्या मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना १४० मीटर जागा सपाट आणि मोकळी लागते. पट्टी संपल्यावर ६० मीटर आणि त्यापुढे २४० मीटरचं सुरक्षाक्षेत्र, म्हणजे विमान घसरत पुढे गेलंच तर जीव वाचावेत. पावसाळ्यात ढग खाली उतरतात, तेव्हा वैमानिकाला वाट दाखवणाऱ्या दिव्यांची पूर्ण रांग हवी असेल, तर ती आणखी पुढे, ९०० मीटरपर्यंत जाते. समांतर टॅक्सी-वे, म्हणजे विमानाला पट्टीवर ये-जा करायचा बाजूचा रस्ता, हवा असेल तर तो मधल्या रेषेपासून दीडशेहून अधिक मीटर लांब घ्यावा लागतो. तो नसला की उतरलेलं विमान पट्टीवरच वळून मागे येतं, तोवर दुसऱ्यानं आभाळात घिरट्या घालायच्या. म्हणजे पट्टी ३०० मीटर वाढवायची म्हटलं, की हा सगळा पसारा ३०० मीटर पुढे सरकतो. कुणाच्या तरी शिवारात.

आता आभाळाचं. ही गोष्ट गावात फार कमी जणांना कुणी समजावून सांगितली आहे.

धावपट्टीच्या टोकापलीकडे एक अदृश्य उतार धरलेला असतो. पन्नास मीटर पुढे गेलं की एक मीटर उंची. म्हणजे एक किलोमीटरवर साधारण २० मीटर. त्याच्या वर काही जायचं नाही. चार किलोमीटरच्या परिघात ४५ मीटरची आणखी एक मर्यादा. दुमजली घर यात आरामात बसतं. पण मोबाइल टॉवर, पाण्याची उंच टाकी, उद्याची सातमजली इमारत? त्यासाठी विमानतळ प्राधिकरण रंगीत पट्ट्यांचा नकाशा करतं आणि कुठल्या पट्ट्यात किती उंचीपर्यंत बांधता येईल, ना हरकत दाखला कुठे लागेल, हे त्यावरून ठरतं. सांबरा, मुतगे, बाळेकुंद्री या गावांत भाऊ वेगळे झाले की जुन्या घरावर एक मजला चढतो. रोडलगतच्या शेतांचे प्लॉट पडतात. उद्या पट्टी वाढली, तर उताराची रेषाही सरकेल आणि आज नियमात बसणारं बांधकाम उद्या अडचणीचं ठरेल. प्लॉट घेणाऱ्यानं आयुष्याची पुंजी ओतलेली असते. त्याला हे आधी कळायला नको?

(दृश्य : टर्मिनलची गर्दी.)

टर्मिनल किती मोठं हवं? मांडव पंगतीच्या हिशेबानं घालतात, वर्षभराच्या पाहुण्यांच्या नव्हे. विमानतळाचंही तसंच, सगळ्यात गर्दीच्या तासावर मोजमाप ठरतं. पन्नास आणि शहात्तर आसनी विमानं एकामागून एक आली तर लहान इमारत पुरते. १८० आसनांची दोन विमानं एकाच तासात आली आणि गेली, तर सातशेवर माणसं आत असतात.

पण ती विमानं टिकतील का? २०१८ मध्ये एक मोठी कंपनी आपली उड्डाणं घेऊन हुबळीला गेली आणि सांबरा सुनंसुनं झालं. २०१९ च्या सुरुवातीला, लहान शहरं विमानानं जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत बेळगावला तेरा मार्ग मिळाले आणि पुन्हा गजबज झाली. या योजनेतली तूट भरून देणारी मदत मात्र तीन वर्षांची. ती संपली की मार्गाला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं, आणि काही मार्ग राहिले नाहीत. दीर्घ नियोजन करणाऱ्यानं ही चढउतार विसरू नये. इमारत टप्प्याटप्प्यानं वाढवता येते. घरांनी भरलेली जमीन मात्र पुन्हा मोकळी होत नाही.

अंदाज बांधताना राज्याची हद्दही बाजूला ठेवावी लागेल. चंदगड महाराष्ट्रात, पण तिथल्या माणसाला बाजार, दवाखाना, कॉलेज बेळगावचंच जवळ. निपाणीकराला कोल्हापूर सोयीचं. खानापूरचा माणूस हुबळीचं तिकीट बघतो, आणि डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेल्या गोव्यातल्या मोपा विमानतळाचंही. आपल्याच जिल्ह्यात हत्तरगीला विमानांचे सुटे भाग तयार होतात, उद्यमबागेत बारीक मोजमापाचं यंत्रकाम चालतं. सांबऱ्याहून यातला किती माल उडू शकतो, हे प्रवाशांइतकंच काळजीपूर्वक मोजलं पाहिजे.

(दृश्य : ग्रामपंचायतीचा फलक.)

आमचं म्हणणं असं आहे : जमीन तुकड्यातुकड्यानं मागू नका. दर दहा वर्षांनी नवी मोजणी, नवी नोटीस, पुन्हा कोर्ट. हलगा-मच्छे बायपासच्या सुपीक जमिनींचा संघर्ष या तालुक्यानं पाहिला आहे. तीस वर्षांचा आराखडा एकदाच ठरवा आणि उघड करा. धावपट्टीचं अंतिम टोक, दिव्यांची रांग, उंचीच्या पट्ट्या आणि त्यात येणारे सर्व्हे नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, कन्नडमध्ये आणि मराठीतही. जी जमीन खरंच लागणार, तिच्या मालकाला मोबदला आणि मुदत दोन्ही सांगा. जी लागणार नाही, ती लेखी मोकळी करा, म्हणजे शेतकऱ्याला विहीर खोदायला, कर्ज काढायला धीर येईल. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे, जनसुनावणीही आहे. ती सुनावणी सुगीचे दिवस टाळून आणि सांबऱ्यातच घ्या.