बायकोला भेंडी आवडत नाही? आधी विचारा, नेमकं काय आवडत नाही

(कॅमेरा ओट्यासमोर. मागे दोन शेगड्यांचा गॅस, बाजूला पंच्यावर पसरून ठेवलेली पाव किलो भेंडी.)

नमस्कार मंडळी. आज रेसिपी एकच आहे, आणि ती शेवटी आहे. त्याआधी मला एका शब्दाबद्दल बोलायचंय. तो शब्द म्हणजे ‘नखरे’.

माझं लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्या माणसांनी मला सांगून ठेवलं होतं की मुलीचे खाण्याचे फार नखरे आहेत. भेंडी नको, वांगं नको, कोबी नको, मासे नकोत, नारळाचं वाटण घातलेली आमटी नको. आता मी मूळचा मालवणकडचा, वाढलो भांडुपला. आमच्या घरात नारळ फोडल्याशिवाय चूल पेटत नाही. ती सोलापूरची, तिकडे शेंगदाण्याचा कूट, काळं तिखट आणि ज्वारीची भाकरी. तिचं ऑफिस फोर्टला, लोकलने घरी यायला साडेआठ वाजतात. माझी ड्युटी चारला संपते. त्यामुळे रात्रीचा स्वयंपाक पहिल्या दिवसापासून माझ्याकडे. आणि पहिले सहा महिने मी रोज एकच गोष्ट बघत होतो. ती ताटावर बसायची, भाजी एका कडेला सरकवायची आणि वरणभात खाऊन उठायची. काही बोलायची नाही. ते न बोलणं मला फार लागायचं.

तर ‘नखरे’. 1931 साली अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाचे रसायनतज्ज्ञ एक पावडर बाटलीत भरत होते. थोडी हवेत उडाली. शेजारी काम करणारा सहकारी म्हणाला, काय कडू आहे हे! फॉक्स यांना तर काहीच चव लागली नव्हती. त्यांनी मुद्दाम जिभेवर ठेवून बघितली, तरी काही नाही. त्या पावडरचं नाव पीटीसी. काही माणसांना ती कडूजहर लागते, काहींना बिनचवीची, आणि हा फरक आईवडिलांकडून येतो. पुढे 2003 मध्ये त्यामागचं जनुकही सापडलं. तेच जनुक कोबी, मुळा, नवलकोल, मोहरी या कुळातल्या भाज्यांचा कडवटपणा किती जाणवतो यातही भाग घेतं. म्हणजे एकाच ताटातली कोबीची भाजी तुम्हाला गोडसर लागते आणि समोरच्याला कडवट लागू शकते. कोथिंबिरीचंही तसंच. काही लोकांना तिचा वास साबणासारखा येतो, आणि त्याचा संबंध वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी जोडला गेलाय.

हे वाचलं त्या दिवसापासून मी ‘नखरे’ हा शब्द सोडला. समोरच्याच्या तोंडात काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. विचारावं लागतं.

आणि विचारायचं कसं, हे महत्त्वाचं आहे. ‘तुला काय आवडत नाही?’ असं विचारलंत तर भाज्यांची यादी मिळेल. यादीचा उपयोग नाही. ‘तोंडात गेल्यावर काय होतं?’ असं विचारा. आपल्या भाषेत याला केवढे शब्द आहेत बघा! बुळबुळीत, गिळगिळीत, रवाळ, चोथापाणी, कचकचीत, तुरट, उग्र, हिरवट. स्वयंपाक करणाऱ्यासाठी यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे, कारण प्रत्येकावर वेगळा उपाय आहे.

एका रविवारी चहाला बसलो होतो. मी म्हटलं, वांग्याचं काय होतं गं? म्हणाली, ‘आतला गर गिळगिळीत लागतो रे, घशाखाली जात नाही.’ मग वांग्याचे काप? ‘ते कुरकुरीत असतात, ते खाईन की.’ भेंडी? ‘तार सुटते.’ कोबी? ‘वास. डबा उघडला की येतो तो वास.’ मासे? ‘तोही वासच.’ आणि नारळ? इथे ती थांबली, म्हणाली, ‘आमटीत रवाळ लागतं जिभेला.’ मी म्हटलं, अगं पण सोलकढी तर दोन वाट्या पितेस! दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. नारळ तिला नको नव्हताच. तिला तो रवाळपणा नको होता.

पाच पदार्थांची यादी होती, तिची तीन कारणं झाली. बुळबुळीतपणा, वास आणि रवाळपणा. पाच पदार्थ सोडण्यापेक्षा तीन गोष्टी सुधारणं सोपं.

मध्येच एक सांगतो, ते नीट ऐका. कुणी म्हणत असेल की अमुक खाल्लं की घशाला खाज येते, ओठ सुजतात, अंगावर पित्त उठतं, तर तो आवडीचा प्रश्न नाही. ती ॲलर्जी असू शकते. तिथे युक्त्या करू नका, डॉक्टरांकडे जा. आणि खाण्याची यादी इतकी आखडत गेली असेल की वजन उतरतंय, अशक्तपणा येतोय, तरी डॉक्टरांकडेच जा.

आता मी काय केलं ते सांगतो. पहिला महिनाभर तिला न आवडणारं काहीच केलं नाही. तिचे पाच आवडते पदार्थ कागदावर लिहिले. पिठलं, बटाट्याच्या काचऱ्या, मुगाची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, फोडणीची पोळी. आणि ते तिच्या आईच्या हातचे लागतील असे करायला शिकलो. सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावून पिठलं केलं. त्यांनी एकच गोष्ट सांगितली, बेसन पाण्यात कालवून घालायचं नाही, उकळत्या फोडणीच्या पाण्यात कोरडं भुरभुरायचं आणि दुसऱ्या हाताने घोटत राहायचं. काळं तिखट त्यांनी सोलापूरहून पाठवलं. त्याआधी मी लालबागच्या मिरची गल्लीतून दोन-तीन मसाले आणून बघितले होते. चांगलेच होते ते, पण ती चव वेगळी.

बरेच लोक हा टप्पा वगळतात, आणि मला वाटतं तिथेच बिनसतं. ज्याच्या हातचं आवडतं पोटभर खाल्लंय, त्याच्या हातचं नवं काही चाखायला माणूस तयार होतो.

मग माझ्याकडून एक चूक झाली. दुधी. मी तो किसून थालीपिठाच्या पिठात मळला आणि सांगितलं नाही. तिने एक थालीपीठ खाल्लं, दुसऱ्याचा तुकडा तोडला, थांबली, आणि विचारलं, ‘यात काय आहे?’ मी म्हटलं, कांदा. तिने तो तुकडा उजेडाकडे धरला. पांढरे धागे दिसत होते. ती रागावली नाही, पण पुढचे तीन आठवडे प्रत्येक ताटावर बसताना तोच प्रश्न होता, ‘यात काय आहे?’ पिठल्यालासुद्धा! महिनाभर कमावलेला विश्वास एका दुधीने गेला. लहान मुलांना भाज्या लपवून घालाव्यात की नाही यावर लोक वाद घालतात, तो घालू देत. मोठ्या माणसाला, आपल्या जोडीदाराला, न सांगता काही खायला घालू नये असं माझं ठाम मत आहे. सांगायचं, ‘आज कोबी आहे, हा असा केलाय, चमचाभर बघ. नको तर काचऱ्या आहेतच.’ आणि नको म्हटलं तर विषय तिथेच बंद.

कोबीबद्दल थोडक्यात. त्याचा वास गंधकाच्या संयुगांचा असतो, आणि जितका वेळ शिजवाल तितका तो वाढतो. झाकण घालून वीस मिनिटं वाफवलेला कोबी घरभर कळतो. म्हणून बारीक चिरा, मोठी आच, झाकण नाही, पाच-सहा मिनिटांत गॅस बंद. पण आमच्याकडे जमलं ते आणखी एक पाऊल मागे जाऊन. कच्च्या कोबीची पचडी केली, वर लिंबू, मीठ, चिमूटभर साखर आणि मूठभर शेंगदाण्याचा कूट. कूट तिच्या ओळखीचा होता. नव्या पदार्थाबरोबर घरची एक चव दिली की तो परका वाटत नाही.

आता मासे. हा माझ्या मनाच्या जवळचा विषय आहे, कारण तिने मासे खाल्ले नसते तरी मला चाललं असतं, पण घरात केलेले तिला सहन व्हावेत एवढी इच्छा होती. समुद्राच्या मासळीत ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो, त्याला स्वतःला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं रूपांतर ट्रायमिथाइलअमाइनमध्ये करतात, आणि जो उग्र वास येतो तो त्याचा. हे रसायन अल्कधर्मी आहे. त्याला आंबट लागलं की ते बांधलं जातं, हवेत उडत नाही. आपल्याकडे माशाला चिंच, आमसूल, आगळ का लावतात ते इथे कळतं. माझी आजी हे रसायनाचं नाव न घेता करत होती.

म्हणून पहिली गोष्ट, मासा ताजा हवा. सकाळी बाजारात जा, कल्ला उचलून बघा, लालभडक हवा. पावसाळ्यात बोटी बंद असतात, बर्फातली मासळी येते, तेव्हा सुरुवात करू नका. दुसरी, तुकड्यांना आगळ, हळद, मीठ लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. तिसरी, बोंबिलापासून सुरू करू नका. मला बोंबील जिवापेक्षा प्यारे आहेत, पण ते लुसलुशीत असतात, ज्याला गिळगिळीत नको त्याला ते नाहीच आवडणार. सुरमई घ्या. घट्ट तुकडा, काटे कमी. रव्यात घोळवून कुरकुरीत तळा. आमच्याकडे तिने पहिल्यांदा खाल्ला तो तुकड्याच्या कडेचा कुरकुरीत भाग, नखाएवढा. नंतर चार-पाच रविवार तेवढाच. मी वाढवायला गेलो नाही.

आणि रोजच्या घाईत दोन स्वयंपाक कुठून करायचे? करत नाही. आमटी एकच, कढई एकच. कांदा, टोमॅटो, मसाला, डाळ सगळं उकळलं की तिचा वाडगा आधी काढतो. मग उरलेल्यात नारळाचं वाटण घालतो. वाटण रविवारी करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलेलं असतं, दोन वड्या टाकल्या की झालं. तिच्या वाडग्यात कधी नारळाचं दूध घालतो, तेही गाळून. ते तिला आवडतं.

(कढई गॅसवर. कॅमेरा जवळ.)

चला, भेंडी. ही सकाळी सहा वाजता धुतलेली आहे. अख्खी धुवायची, चिरून कधीच नाही. भेंडीत जो चिकट पदार्थ असतो तो पाण्यात विरघळतो आणि पाणी मिळालं की फुगतो. म्हणजे तुमचा खरा शत्रू पाणी आहे. एकेक भेंडी पुसा. हो, एकेक. मग पंच्यावर पसरून ठेवा. ही बघा, हाताला अगदी कोरडी लागतेय. सुरीसुद्धा कोरडी हवी, आणि पाट पण.

कढई रुंद घ्या. पाव किलोला एवढी मोठी कढई कशाला, असं वाटेल. पण भेंडी एकावर एक पडली की आपल्याच वाफेत शिजते आणि तार सुटते. तेल नेहमीपेक्षा चमचाभर जास्त. मोहरी, जिरं, दोन मिरच्या. आता भेंडी, मोठ्या आचेवर. आवाज ऐका. हा चुरचुर आवाज थांबता कामा नये. झाकण ठेवायचं नाही, मीठ आता घालायचं नाही, कारण मिठाने पाणी सुटतं. पहिली दोन मिनिटं हलवूही नका.

आता दोन आमसुलं. आंबटाने चिकटपणा कमी होतो. एक सांगतो, कढई लोखंडी असेल तर आमसूल घालू नका, भाजी काळी पडते. मग उतरवल्यावर लिंबू पिळा.

(बारा मिनिटांनंतर.)

कडा तपकिरी झाल्यात बघा. तार नाही. आता मीठ, आणि शेवटी दोन चमचे शेंगदाण्याचा जाडसर कूट. एक मिनिट परतून बंद.

ही तिच्या डब्यात जाणार आहे, तर डब्याचंही सांगतो, कारण माझी निम्मी मेहनत आधी तिथेच वाया गेली होती. गरम भेंडी डब्यात भरून झाकण लावलंत की वाफेचं पाणी झाकणाला जमतं, ते परत भाजीवर पडतं, आणि एक वाजता डबा उघडला की पुन्हा तार. ताटात पसरा, दहा मिनिटं पंख्याखाली ठेवा, मगच भरा. पोळ्या वेगळ्या कप्प्यात.

(मागून आवाज: ‘झालं का रे? आठ चौदा निघून जाईल.’)

आलो! थांब, एक चाखून जा.

(ती दाराशी उभी राहून एक भेंडी तोंडात टाकते.)

‘कडा अजून थोड्या करपव पुढच्या वेळी.’

ठीक आहे. पुढच्या वेळी चौदा मिनिटं.