जांघेतले दोन सेंटिमीटर

(दृश्य: डॉपलर सोनोग्राफीचा पडदा. करड्या रंगात एक मोठा काळा गोल, त्याला चिकटून एक लहान गोल.)

हा मोठा गोल म्हणजे मांडीतली खोल शीर, फीमोरल व्हेन. पायाचं बहुतेक रक्त याच वाटेनं हृदयाकडे जातं. शेजारचा लहान गोल म्हणजे सॅफेनस. ही घोट्यापासून कातडीखालून वर चढते आणि जांघेत मोठ्या शिरेला मिळते. तिच्या झडपा सैल पडल्या की रक्त उलटं खाली उतरतं आणि पायावर निळ्या, वेड्यावाकड्या शिरा फुगतात.

पूर्वी जांघेत चिरा देऊन ही शीर ओढून काढत. अमेरिकेत १९९९ मध्ये रेडिओफ्रिक्वेन्सीला, म्हणजे रेडिओलहरींच्या उष्णतेनं शीर आतून बंद करण्याला, मान्यता मिळाली, २००२ मध्ये तेच काम करणाऱ्या लेसरला, आणि चिरा मागे पडला.

(दृश्य: गुडघ्याजवळून शिरेत सरकणारी बारीक नळी.)

नळीचं टोक वर नेतात, पण संगमाच्या दोन-अडीच सेंटिमीटर अलीकडेच थांबवतात. शिरेभोवती भुलेचं औषध मिसळलेलं सलाईन भरतात. मग उष्णता. शिरेची भिंत आक्रसते, शीर बंद होते. पेशंट तासाभरात चालू लागतो.

बंद झालेल्या शिरेत थोडं रक्त गोठतंच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बघायचं असतं ते गुठळीचं वरचं टोक कुठे थांबलंय, एवढंच.

(दृश्य: रेखाचित्र. गुठळी संगमाकडे सरकते.)

कधी कधी ते टोक संगमापर्यंत पोचतं, किंवा तो ओलांडून खोल शिरेत डोकावतं. डॉक्टर याला ‘ई-हिट’ म्हणतात, म्हणजे उष्णतेमुळे झालेली गुठळी. लोवेल कॅबनिक या अमेरिकी सर्जननं २००६ मध्ये तिच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिलीत गुठळी संगमापाशीच थांबते. दुसरीत ती खोल शिरेचा निम्म्याहून कमी भाग व्यापते, तिसरीत निम्म्याहून जास्त. चौथीत खोल शीर पूर्ण तुंबते. दुसऱ्या पायरीला बहुधा नुसती पुन्हा सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात. गुठळी बऱ्याचदा आपोआप मागे हटते. तिसरीपासून रक्त पातळ करणारी औषधं लागतात.

दुसरी ते चौथी पायरी धरली, तरी शंभरात एखाद-दुसरा पेशंट. गुठळी सुटून फुप्फुसात जाणं त्याहून कितीतरी विरळ. पण ‘काही होत नाही हो’ म्हणून पेशंटला घरी धाडणं बरोबर नव्हे. आधी कधी गुठळी झाली होती का, कॅन्सर आहे का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, हे आधीच विचारायला हवं.

लक्षणं नसताना आठवडाभरात सरसकट प्रत्येकाची डॉपलर करावी का, यावर डॉक्टरांमध्येच एकमत नाही. लक्षणं असतील तर मात्र वाद नाही. पाय अचानक सुजला, पोटरी दुखून ताठ झाली, तर त्याच दिवशी डॉपलर.

(दृश्य: कॅज्युअल्टीचा दरवाजा.)

धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, थुंकीतून रक्त पडलं, तर सरळ कॅज्युअल्टी गाठा. तिथे पहिल्याच वाक्यात सांगा की अमुक दिवशी पायाच्या शिरेवर लेसर झालंय. पायावर टाक्याची खूणही नसते; तुम्ही सांगितल्याशिवाय समोरच्या डॉक्टरला ते कळणार नाही.