नौपाड्यातला शनिवार

[दृश्य: जांभळी नाका, सकाळ]

सातच्या आत ठाण्यातल्या जांभळी नाक्यावर पोचलं तर भाजी ताजी मिळते आणि धक्के कमी बसतात. काका पोचलेत. सत्तरी ओलांडलेले, वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. हातात दोन कापडी पिशव्या आणि शर्टाच्या खिशात काकूंनी केलेली यादी.

यादी जरा जवळून पाहू. मेथी दोन जुड्या. आलं, लिंबं. दळण. रुईची माळ. पुस्तकं बदलणे. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या अक्षरात: 1000 एमएफडी, 25 व्होल्ट.

ही शेवटची ओळ मेकॅनिकची आहे. तो बुधवारी येऊन घरातल्या जुन्या टीव्हीचा आजार सांगून गेला.

मेथीची जुडी काका सोडून बघतात. भाजीवाली म्हणते, "काका, सोडू नका ना, परत बांधायला कोण बसणार?" काका म्हणतात, "आत काय भरलंय ते दिसायला नको?" दोघंही हे दर शनिवारी म्हणत असणार, कारण हात कुणाचेच थांबत नाहीत.

मारुतीला रुईची माळ, वर थोडं तेल. गिरणीत डबा ठेवून झाला. दळण संध्याकाळी मिळेल.

[दृश्य: ग्रंथालय, कपाटांमधली वाट]

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 सालचं. विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकारातून उभं राहिलेलं. बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली 1853 मध्ये. त्यानंतर चाळीस वर्षांनी गावात मराठी पुस्तकांचं हे घर झालं. काका इथले जुने वर्गणीदार. दोन पुस्तकं परत केली, एक घेतलं. कुठलं ते सांगायला ते तयार नाहीत. "वाचून होऊ दे, मग सांगतो."

त्या पुस्तकाचं शेवटचं पान मात्र त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरलं. चिकटवलेल्या कागदावर तारखांचे शिक्के. सुरुवातीचे दाटीवाटीने, एकावर एक चढलेले. मग विरळ. शेवटच्या शिक्क्याची शाई पिवळट पडलेली, आणि त्याखाली आजचा, जांभळा, ओला. मागणी नाही म्हणून पुस्तक निर्लेखित करता येतं, म्हणजे नोंदीतून काढून टाकता येतं, पण हे राहिलं. कुणीतरी कपाट आवरताना ते जागेवर ठेवलं, एवढंच.

[दृश्य: सुट्या भागांचं दुकान, काउंटर]

यादीतली शेवटची ओळ, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, कंडेन्सर, मिळाला. बोटाच्या पेराएवढा, सुट्या पैशांत. दुकानदाराने सवयीने विचारलं, "कशाला हवाय?" काका म्हणाले, "टीव्हीला." दुकानदाराने मान वर करून पाहिलं.

[दृश्य: नौपाडा, दुसरा मजला, बैठकीची खोली]

तो टीव्ही हा. लाकडी खोका, चार पाय आणि समोर सरकणारी शटर. शटर ओढताना होणारा खडखडाट या इमारतीतल्या एका पिढीला झोपेतही ओळखता येईल.

मुंबई दूरदर्शन वरळीहून सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 रोजी. त्याच दशकात काकांनी हा संच घेतला. तेव्हा टीव्ही बाळगायला परवाना लागायचा आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागायचे. ती पुस्तिका काकूंनी अजून ठेवली आहे, ही तिची पानं. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा असला की या खोलीत खालच्या मजल्यावरची मंडळी येऊन बसायची. पुढच्या आठवड्यात काय लागणार ते 'साप्ताहिकी'त सांगत आणि काकू ते कॅलेंडरवर टिपून ठेवत. 1982 मध्ये रंगीत चित्र आलं. शेजाऱ्यांनी संच बदलले, काकांनी बदलला नाही. "चाललेला संच काढायचा कशाला?" हा त्यांचा प्रश्न आम्हाला तरी बिनतोड वाटतो.

बिघाड असा आहे. संच लावला की पडद्यावर चित्र येत नाही. मधोमध एकच आडवी, पांढरी, लखलखीत रेघ येते. आवाज मात्र ठणठणीत.

या रेघेतच सगळं चित्र आहे. पिक्चर ट्यूबच्या, म्हणजे पडद्याच्या काचेच्या नळीच्या, मानेतून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर रेघा ओढतो. डावीकडून उजवीकडे, मग जराशी खाली, पुन्हा डावीकडून. एका चित्राला 625 रेघा, सेकंदाला 25 चित्रं. तीही दोन फेऱ्यांत, आधी विषम रेघा, मग सम. झोताला आडवं आणि उभं हलवतं ते मानेभोवतीचं तांब्याच्या तारेचं योक. उभ्या हालचालीचं सर्किट बंद पडलं की झोत खाली सरकतच नाही. सगळ्या रेघा एकाच जागी, एकमेकींवर. त्या सर्किटमधला कंडेन्सर वर्षानुवर्षं तापून आतून सुकला आहे.

मेकॅनिक मागची फळी काढतो. आधी धूळ, मग कामाला हात. स्क्रूड्रायव्हरला बांधलेली वायर चासीला, म्हणजे संचाच्या धातूच्या सांगाड्याला, टेकवून स्क्रूड्रायव्हरचं टोक ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सारतो. चट्! संच बंद असला तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहतात. ते असे उतरवल्याशिवाय आत हात घालायचा नसतो.

सोल्डर वितळतं. जुना कंडेन्सर निघतो. त्याचं डोकं फुगलेलं. नवा बसवताना त्याच्यावरची उणे खुणेची पट्टी दोनदा तपासली जाते, उलटा बसला तर फुटतो. धुराचा वास इथून पोचणार नाही, पण काका तो डोळे मिटून घेतायत, बघा.

आता छपरावरचा अँटेना नुसता कावळ्यांचा. दूरदर्शनने जमिनीवरून होणारं ॲनालॉग प्रक्षेपण गेल्या काही वर्षांत जवळजवळ सगळीकडे बंद केलं. त्यामुळे सिग्नल येतो दूरदर्शनच्या फ्री डिशच्या सेट टॉप बॉक्समधून, तिथून तो जुन्या संचाला कळेल असा करणाऱ्या मॉड्युलेटरमध्ये आणि मग बलूनमधून, म्हणजे दोन तऱ्हेच्या वायरी जुळवणाऱ्या जोडातून, जुन्या चपट्या वायरीत. ही जोडणी काकांनी स्वतः केली. रंगीत सिग्नलमधला उजेड-अंधार तेवढा हा संच उचलतो, रंग सोडून देतो. बातम्यांच्या पट्टीची दोन्ही टोकं कापली जातात. बातमी अर्धवट वाचायची सवय तशी सगळ्यांनाच झाली आहे.

[दृश्य: पडदा, पूर्ण चौकट. चार सेकंद निवेदन नाही]

आलं.

सह्याद्री वाहिनी लागली आहे. कॅमेऱ्याचं शटर आम्ही सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर लावलं, म्हणून तुम्हाला पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसत नाहीत. मागे एक बारीक शिटी ऐकू येतेय? 15,625 हर्ट्झ, आडव्या रेघांच्या सर्किटची. आम्ही ती मुद्दाम पुसली नाही. आमच्या ध्वनिमुद्रकाच्या कानाला ती लागली, शेजारच्या मुलीला लागली. काकांना ती आता ऐकू येत नाही.

दळण आणायला काकू स्वतः गेल्या. काका शटरच्या खाचेत मेणबत्ती घासत बसले.

नवी पिक्चर ट्यूब आता बाजारात मिळत नाही. भंगारात गेलेला संच बहुतेक वेळा योकमधल्या तांब्यासाठी फोडला जातो, आणि ट्यूबच्या काचेतलं शिसं मागे राहतं. मेकॅनिककडे काम शिकायला कुणी येत नाही. ही इमारतही पुनर्विकासाला गेली आहे. घर रिकामं करण्याची तारीख ठरली.

भाड्याच्या घरी जाताना टीव्ही बरोबर न्यायचा, यावर दोघांचं एकमत आहे. तो दोन माणसांनी उचलायचा, पडदा छातीकडे धरून, कारण सगळं वजन पुढच्या काचेत असतं. पाय आधी काढायचे. मेकॅनिकने हे यादीच्या मागच्या बाजूला लिहून दिलं आहे आणि खाली स्वतःचा नंबर.